शीड म्हणजे वाऱ्याची पिशवी नव्हे

नांदेड-लातूरपासून समुद्र दूर. इथल्या माणसाला शिडाची होडी दिसते ती बहुधा चित्रात, आणि त्यातून एक समज पक्का होतो: मागून वारा भरला की शीड फुगते आणि होडी ढकलली जाते. हे अर्धेच खरे आहे.

वारा बाजूने किंवा तिरका समोरून आला, की शीड त्याची दिशा वळवते. शिडाच्या फुगीर बाजूला हवेचा दाब घटतो आणि होडी तिकडे ओढली जाते. कील (तळाची खोल पाती) तिला आडवे सरकू देत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की पुढे सटकतो, तशी वारा आणि पाणी यांच्यात सापडलेली होडी पुढे निघते.

थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र जाता येत नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन राखून टॅकिंग (नागमोडी चाल) करावे लागते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडांच्याच बळावर.

शीड जितके ताठ तितका वेग, हाही गैरसमजच. शर्यतीत मध्यम वाऱ्याला शिडाला पोट (कापडाचा बाक) ठेवतात. जोराच्या वाऱ्यात दोर ताणून ते सपाट करतात.

हा बाक टिकवणे हीच शिडाची निगा. उन्हाने पॉलिएस्टरचे धागे कमजोर होतात, सतत फडफडल्याने कापड सैलावते. म्हणून शर्यतीनंतर शीड गोड्या पाण्याने धुऊन वाळवतात आणि घड्या न पाडता गुंडाळून सावलीत ठेवतात.