सोलापूरच्या डॉक्टरांची येनानची वाट

गेल्या वैशाखांत आमच्या घरांत एक लहानसा कलह माजला होता. त्याची हकीकत आधीं सांगितल्यावांचून या लेखाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू वैद्यकाची पदवी घेऊन नुकताच घरीं आला होता आणि त्याची नेमणूक गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडच्या बाजूस, एका आरोग्य केंद्रावर झाली होती. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाचा तो मुलूख. पर्लकोटेस पूर आला कीं गांवाचा जगाशीं संबंध तुटतो, हें आपण पावसाळ्यामागून पावसाळे वृत्तपत्रांतून वाचीत आलों आहों. आंतल्या पाड्यांकडे औषधांची गाडी जावयाची ती कोठें ओढ्याच्या पाण्यांतून, तर कोठें रानांतल्या चिखलवाटेनें. हें ऐकून आमच्या वहिनींच्या तोंडचें पाणी पळालें. त्या आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, पस्तीस वर्षें लोकांच्या मुलांना शहाणपण शिकविलेंत, आतां घरच्या मुलाला चार शब्द सांगा. सोलापुरांत काय आजारी माणसें नाहींत?"

प्रश्न सयुक्तिक होता, आणि आम्हांस त्याचें उत्तर सुचलें नाहीं. संध्याकाळीं फिरावयास म्हणून निघालों, तों पाय आपोआप भैया चौकाकडे वळले. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें घर तेथें स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. शाळेंत असतांना मुलांस घेऊन आम्ही तेथें गेलों होतों, तारखा पाठ करून घेतल्या होत्या, निबंध लिहवून घेतले होते. पण त्या संध्याकाळीं तें घर आम्हीं प्रथमच एका आईच्या दृष्टीनें पाहिलें, आणि आजवर आपण मुलांना अर्धीच गोष्ट सांगत होतों असें मनास वाटलें.

कोटणीसांचा जन्म सोलापुरांत १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून ते डॉक्टर झाले. १९३७ सालीं जपाननें चीनवर मोठी चढाई केली. चिनी सेनानी चू-ते यांनीं पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळचे राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं १९३८ च्या उन्हाळ्यांत देशाला हांक दिली. बावीस हजार रुपयांचा निधि जमला आणि पांच डॉक्टरांचें पथक उभें राहिलें. डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पांचवे आमचे सत्तावीस वर्षांचे कोटणीस. घरच्यांस चीनची माहिती काय, तर तिकडचे लोक रेशीम विकावयास दारावर येतात एवढीच! वडिलांनीं मुलास उत्तेजन दिलें. आईस मात्र फार दुःख झालें. त्यांच्या भगिनींनीं पुढें ही आठवण सांगितलेली आहे. म्हणजे आमच्या माजघरांत या वैशाखांत जें चाललें होतें, तेंच त्या घरांत १९३८ च्या श्रावणाच्या सुमारास चाललें असलें पाहिजे.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं 'राजपुताना' बोटीनें पथक मुंबईहून निघालें आणि त्याच महिन्यांत कँटन बंदरास पोहोंचलें. तेथून तें हँकौस गेलें. परंतु ऑक्टोबरांत कँटन आणि हँकौ हीं दोन्ही शहरें जपान्यांच्या हातीं पडलीं, आणि पथकास यांगत्से नदीच्या वरच्या अंगास, चुंगकिंग येथें जावें लागलें. तेथें त्यांस चिनी नांवें मिळालीं. प्रत्येक नांवाच्या शेवटीं 'हुआ', म्हणजे चीन, हें पद जोडलेलें होतें. कोटणीस 'को-ती-हुआ' झाले. जावयाचें होतें उत्तरेस येनानला, जेथें चू-ते यांच्या आठव्या पथसेनेचें ठाणें होतें. निघण्याची तयारी चालली असतांनाच सोलापूरहून वार्ता आली कीं, वडील निवर्तले.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. सोबत्यांनीं परत जाण्याचा सल्ला दिला. त्यांत कमीपणा कांहींच नव्हता. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हीं तीन ऋणें घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असें आपल्या शास्त्रांनीं सांगितलें आहे. आणि ज्या पित्यानें उत्तेजन देऊन पाठविलें, त्याच्या मागें शोकाकुल आईपाशीं जाणें हा पुत्राचा धर्म नव्हे असें कोण म्हणेल? कोटणीस परतले नाहींत. जानेवारी १९३९ च्या उत्तरार्धांत ते सोबत्यांसह मोटारींत चढले.

ती वाट कशी होती हें समजल्यावांचून त्या चढण्याचा अर्थ कळावयाचा नाहीं. सेच्वान प्रांत हा चारी बाजूंनीं डोंगरांनीं वेढलेल्या द्रोणासारखा आहे. त्याच्या उत्तरेस छिनलिंगची रांग आडवी पडली आहे. तिचें सर्वोच्च शिखर सुमारें ३,७७० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. या रांगेच्या दक्षिणेस भात पिकतो आणि उत्तरेस गहूं. इतका हवामानाचा भेद ती एकटी करते. प्राचीन काळीं येथें कड्याच्या अंगांत भोंकें पाडून, त्यांत तुळया ठोकून, वर फळ्या टाकून लोंबती वाट केलेली होती. मोटाररस्ता झाला तो १९३० नंतरच्या दशकांत. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि वळणावर समोरून काय येईल याचा नेम नाहीं. युद्धकाळांत पेट्रोल इतकें दुर्मिळ झालें होतें कीं, चीनमध्यें पुष्कळ मालमोटारी कोळशाच्या धुरावर किंवा मद्यार्कावर चालवीत. अशा गाडीस चढणीवर दम कितपत राहणार!

छिनलिंग उतरून शिआनला पोहोंचल्यावर पुढें येनानपर्यंत तीनशेंहून अधिक किलोमीटरांचा मुलूख आणखी निराळा. ही पिवळी माती वाऱ्यानें युगानुयुगें आणून साठविलेली असून तिचा थर कित्येक ठिकाणीं शंभर मीटरांहून जाड आहे. कोरडी असतां ती भिंतीसारखी उभी राहते, म्हणून लोक तींत गुहा खोदून राहतात. पण पाणी लागलें कीं तिचा लोण्यासारखा चिखल होतो आणि पावसानें तिच्यांत खोल घळी पडतात. रस्ता एका घळीच्या तळाशीं उतरतो, ओढा ओलांडतो, पुन्हां माथ्यावर चढतो, आणि पुन्हां उतरतो.

नदींतून गाडी नेणें म्हणजे काय, याची आम्हांस थोडी कल्पना आहे. लहानपणीं एकदां सीनेच्या पात्रांतून कांद्याच्या पोत्यांवर बसून आम्ही एका मालमोटारींतून गेलों होतों. पुलाचें नांव नव्हतें. चालकानें गाडी कांठावर उभी केली, क्लीनरास काठी घेऊन पाण्यांत उतरविलें, आणि तो पैलतीरास जाऊन परत येईपर्यंत स्वस्थ विडी ओढीत बसला. मग टोपण उघडून त्यानें पंख्याचा पट्टा काढून ठेविला. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "पंखा पाणी उडवतो मालक, आन् इंजिनाची ठिणगी भिजली तर गाडी मधींच बसती." पाण्यांत शिरल्यावर त्यानें दाता बदलला नाहीं, वेग वाढविला नाहीं कीं कमी केला नाहीं. पैलतीरीं पोहोंचल्यावर तो आम्हांस म्हणाला, "मधीं इचार करायचा नसतो. इचार काठावर करायचा." आम्ही पुढें पुष्कळ ग्रंथ वाचले, परंतु निश्चयाचें याहून चांगलें लक्षण कोठें वाचल्याचें स्मरत नाहीं. कोटणीसांनींही विचार चुंगकिंगच्या कांठावर केला होता.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजीं पथक येनानला पोहोंचलें. ऐन हिंवाळ्यांतला हा सुमारें तीन आठवड्यांचा प्रवास. येन नदीच्या खोऱ्यांत गुहांतूनच राहणें आणि गुहांतूनच रुग्णालयें. वर्षअखेरपर्यंत चोळकर आणि मुखर्जी स्वदेशीं परतले. ४ नोव्हेंबर १९३९ रोजीं अटल, बसू आणि कोटणीस येनानहून आघाडीकडे निघाले. तिकडे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. परंतु शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेली जखम विषारी होऊन १२ नोव्हेंबर रोजीं, म्हणजे हे वाटेंत असतांनाच, ते निवर्तले. पीत नदी ओलांडून पुढचा मार्ग मोटारीचा उरलाच नाहीं. घोडा, खेंचर आणि मुख्यतः स्वतःचे पाय. आगगाडीच्या रुळांवर शत्रूचा पहारा, म्हणून ते रात्रीं ओलांडावयाचे. अटल प्रकृतीमुळें परत फिरले, बसू येनानला परतले, आणि वूताई पर्वताच्या प्रदेशांत कोटणीस एकटे राहिले. १९४० च्या लढाईंत त्यांनीं सुमारें ७२ तास अखंड शस्त्रक्रिया केल्या. पुढल्या वर्षीं बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशीं त्यांनीं विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं पुत्र झाला. त्याचें नांव 'यिन-हुआ', म्हणजे हिंद आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीसांचा अंत झाला. वय बत्तीस. पांचांपैकीं चौघे घरीं आले. सोलापूरचा आला नाहीं. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं त्यांच्यावर जें पुस्तक लिहिलें त्याच्या नांवांतच ही गोष्ट आहे, आणि त्यावरून शांतारामबापूंनीं १९४६ सालीं चित्रपट काढला. मुलगा यिन-हुआ हाही वैद्यकाचा अभ्यास करीत असतां १९६७ सालीं वारला.

वर्गांत आम्ही ही गोष्ट सांगत असूं तेव्हां ती येथें संपत असे, आणि मुलें टाळ्या वाजवीत. त्या संध्याकाळीं आम्हांस जाणवलें कीं, टाळ्या वाजविणें सोपें असतें, कारण मुलगा दुसऱ्याच्या घरचा असतो. आमच्या वहिनींपुढें ही गोष्ट कोणत्या तोंडानें सांगावी? जो परत आला नाहीं त्याचा दाखला देऊन, नातवाला जाऊं द्या, असें म्हणणें हें युक्तिवादाच्या दृष्टीनें तर दुबळेंच, पण मायेच्या दृष्टीनें निष्ठुर होय.

तरी आम्हीं सांगितली, आणि शेवट न गाळतां सांगितली. जेवणें झाल्यावर ओसरीवर सगळे बसले होते. बंधु बोलले नाहींत. सूनबाई खालीं मान घालून ऐकत होत्या. वहिनींनीं एकच प्रश्न विचारला, "त्यांच्या आईनं पुढं काय केलं?" आम्हीं म्हटलें, त्या फार दुःखी होत्या, पण मुलाचीं तिकडून येणारीं पत्रें वाचून घरांतल्या सर्वांस आनंद होत असे, असें त्यांच्या मुलीनें सांगितलें आहे. वहिनी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग नातवाकडे वळून म्हणाल्या, "मग तूं पत्र लिहीत जा. तो फोन नको, त्यांत तूं नुसतं बरं आहे म्हणतोस." कलहाचा निकाल तेथेंच लागला. आम्ही फक्त दोन गोष्टी सांगितल्या: पूर असेल तर शौर्य करावयाचें नाहीं, कांठावर थांबावयाचें, आणि वाट दाखविणाऱ्या तिथल्या माणसाचें ऐकावयाचें, मग आपली पदवी कितीही मोठी असो.

आजकाल अवघड डोंगरवाटांनीं आणि नद्यांतून गाड्या घालण्याचा छंद पुष्कळ तरुणांस जडलेला आम्ही पाहतों. त्यांत धाडस आहे, आणि धाडस वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. एवढेंच सुचवितों कीं, गाडीच्या मागल्या भागांत काय भरलें आहे आणि पलीकडे कोण वाट पाहत आहे, यावरून त्याच पाण्याचा अर्थ बदलतो.

आषाढांत नातवाचें पहिलें पत्र आलें. औषधांची गाडी एका ओढ्यापाशीं तीन तास थांबली. पाणी उतरल्यावर गांवचा एक वृद्ध माडिया काठी घेऊन पुढें झाला आणि त्याच्या मागोमाग आपण चालत गेलों, असा मजकूर होता. आम्हीं तें ओसरीवर मोठ्यानें वाचलें. वहिनींनीं विचारलें, "पाणी किती होतं?" पत्रांत 'गुडघाभर' असें लिहिलें होतें, तेंच आम्हीं वाचलें. आमच्या नांवच्या निराळ्या चिठ्ठींत मात्र त्यानें 'कमरेइतकें' असें लिहिलें आहे. हें मासिक आमच्या घरीं येतें आणि वहिनी तें पहिल्या पानापासून वाचतात. तेव्हां ही गोष्ट आतां त्यांस कळेलच. शेवट गाळावयाचा नाहीं असें एकदां ठरविल्यावर आम्हांस दुसरा उपाय राहिला नाहीं.