दीड हजाराचा हप्ता, सरकारी तिजोरी आणि आपली अमानत

महिन्याचा हप्ता जमा झाला की आपल्या मोहल्ल्यात मोबाईलवर मेसेज येतात. कुणी त्यातून मुलांच्या वह्या घेतं, कुणी गॅसचा बाटला भरतं. गरजू बहिणीला हा आधार मिळतो, हे आम्ही मान्य करतो. पण हा पैसा येतो कुठून आणि त्यावर हक्क कुणाचा, हे समजून घेणंही आपली जिम्मेदारी आहे.

हिशेब सोपा आहे

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जून 2024 मध्ये जाहीर झाली. 21 ते 65 वयाच्या पात्र महिलेला दरमहा 1,500 म्हणजे वर्षाला 18,000 रुपये. वर्गातल्या मुलांनाही जमेल असं गणित करू या: 2 कोटी महिला गुणिले 18,000 बरोबर 36,000 कोटी. 2025-26 च्या राज्य अर्थसंकल्पात या योजनेसाठी नेमकी एवढीच तरतूद होती.

त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी दाखवली आहे. महसुली तूट म्हणजे रोजचा घरखर्च कमाईपेक्षा जास्त. घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि किराणा भरायला कर्ज काढणं वेगळं. दुसरं वर्षानुवर्षं चाललं, तर व्याज पुढची पिढी फेडते.

एका खिशातून दुसऱ्या खिशात

मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. सरकारचं म्हणणं असं की त्याच समाजातल्या महिलांसाठी हा निधी आहे, म्हणून नियमात बसतं. आमचं म्हणणं एवढंच, की वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचा पैसा कमी पडला तर फटका गरीब मुलालाच बसतो. नियमात बसणं आणि न्याय्य असणं या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकच नसतात. आज ही वेळ दुसऱ्या समाजावर आली, उद्या अल्पसंख्याकांच्या योजनांवरही येऊ शकते.

चूक फक्त वरच्यांची नाही

पात्रतेच्या अटी पहिल्यापासून लेखी होत्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात आयकर भरणारा किंवा कायम सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. तरी तपासणीत दोन हजारांहून जास्त महिला सरकारी कर्मचारी लाभ घेताना सापडल्या. पुरुषांच्या नावेही हप्ते गेल्याचं उघड झालं. जुलै 2025 मध्ये सुमारे 26 लाख 34 हजार लाभार्थ्यांचा हप्ता पडताळणीसाठी थांबवल्याचं सरकारने सांगितलं. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज भराभर मंजूर झाले आणि चाळणी नंतर लागली. यात खरोखर पात्र असलेल्या कितीतरी बहिणींनाही कागद घेऊन फेऱ्या माराव्या लागल्या.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांचा दिव्याचा किस्सा आपल्या घरोघरी सांगतात. सरकारी काम संपून घरगुती बोलणं सुरू झालं, तसा त्यांनी बैतुलमालच्या तेलाचा दिवा विझवला. तेल किती जळलं असतं? थेंबभर. पण अमानत थेंबाने मोजत नाहीत. "सगळेच घेतात, आपण का सोडायचं?" हा सवाल आम्ही सातारा-सांगलीत शिकल्या-सवरलेल्या घरांतही ऐकला आहे. जवाब त्या दिव्यात आहे.

आपण काय करू शकतो?

पहिलं, आपण अपात्र असू तर स्वतःहून लाभ सोडावा. दुसरं, पात्र बहिणीचं केवायसी अडलं असेल तर तिला मदत करावी. तिसरं, ग्रामसभेला जावं. गावाचा जमाखर्च तिथे मांडला जातो आणि प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. महिलांनीही यावं, ही सभा त्यांचीही आहे. चौथं, उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 आहेच. अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत साधारण 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही.

यशवंतराव चव्हाणांच्या काळात, 1 मे 1962 ला महाराष्ट्रात पंचायत राज सुरू झालं. ते याच मातीतले, कऱ्हाडचे. सत्ता गावात आली, तशी हिशेब विचारण्याची जबाबदारीही गावात आली. मशिदीच्या चंद्याचा हिशेब आपण जुम्याला पै-पैचा मागतो. सरकारी तिजोरीतही आपलाच चंदा आहे. काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण कर भरतो. तर मग तिथला हिशेब मागायला आपण का कचरतो?