साथीच्या काळातील मजुरीची सरासरी : दरेकसा परिसराच्या संदर्भात

माणसे घटली की मजुरी वाढते, हा अर्थशास्त्रातील जुना पाठ आहे. चौदाव्या शतकातील प्लेगनंतर इंग्लंडात मजूर इतके दुर्मिळ झाले की, मजुरी जुन्या दरावर रोखून धरण्यासाठी तेथील पार्लमेंटला 1351 मध्ये कायदा करावा लागला. 2020 मधील कोविडच्या साथीत मात्र दुर्मिळ झाले ते काम, मजूर नव्हेत. तरीही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या डिसेंबर 2020 मधील जागतिक वेतन अहवालात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. आकडे उपलब्ध असलेल्या देशांपैकी दोन-तृतीयांश देशांत त्या वर्षाच्या पूर्वार्धात सरासरी वेतन घटले वा त्याची वाढ मंदावली. उरलेल्या देशांत ते वाढले. ही वाढ बव्हंशी आभासात्मक होती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पाच मजुरांची रोजची मजुरी अनुक्रमे 200, 200, 250, 300 व 800 रुपये आहे. सरासरी 350 रुपये होते. पहिल्या दोघांचे काम सुटले, तर उरलेल्या तिघांची सरासरी 450 रुपये भरते. एकाच्याही हाती अधिक पैसा आलेला नाही. उलट पाचही घरांत मिळून येणारी रोजची रक्कम 1750 वरून 1350 वर उतरली. जे कामावरून गेले, ते हिशेबातूनही गेले. साथीत विषमता वाढते ती अशी, सरासरीच्या आड.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे छत्तीसगडच्या सीमेजवळचे, अरण्याने वेढलेले रेल्वे स्थानक. ह्या भागातील मजुराची मिळकत धानाची शेती, वनोपज, रोजगार हमीचे काम आणि बाहेरगावची मजुरी अशी विभागलेली असते. महिन्याचे ठरलेले वेतन येथे अपवादानेच. म्हणून दराइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व कामाच्या दिवसांना आहे. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी आली तेव्हा मोहफुले वेचण्याचा हंगाम चालू होता. आदिवासी व इतर वननिवासी ह्यांना वनोपज गोळा करण्याची सूट केंद्र शासनाने दिली ती 16 एप्रिलला. मोहफूल कोणासाठी थांबत नाही! तेंदूपानांची तोडणी पुढे उन्हाळ्यात येत असल्याने तिला ह्या सवलतीचा लाभ घेता येण्याजोगा होता. तेथे मजुरी रोजावर नसून पुड्यांच्या शेकड्यावर असते.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर 1 एप्रिल 2020 पासून 206 वरून 238 रुपये झाला, म्हणजे सुमारे साडेपंधरा टक्के वाढला. कागदावर ही वाढ भरघोस दिसते. तथापि केंद्रीय कायद्याची हमी तेव्हा कुटुंबास वर्षाला 100 दिवसांची होती. ते सर्व मिळाले तरी 23,800 रुपये, महिन्याला दोन हजारांहून कमीच. प्रत्यक्षात 2020-21 मध्ये काम मिळालेल्या कुटुंबांची देशातील सरासरी 51-52 दिवसांच्या आसपास राहिली, आणि तीही एकूण मनुष्यदिवस 265 कोटींवरून 389 कोटींवर गेलेले असताना. काम वाढले, पण मागणारे हातही वाढले होते.

बाहेरगावची मजुरी तर प्रवासी गाड्यांबरोबरच थांबली. श्रमिकांसाठी विशेष गाड्या 1 मेपासून सुटू लागल्या, त्या माणसांना घरी आणण्यासाठी. कामावर नेण्यासाठी नव्हे.