दूरदेशींचें सख्य

वर्तमानपत्रें नियमानें वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीस 'समविचारी राष्ट्रें' हे शब्द हल्लीं वारंवार पडतात. हजारों मैलांचें अंतर असतांही दोन राष्ट्रें परस्परांच्या रक्षणाची चिंता कां वाहतात, हें समजण्यास ब्रिटन व जपान यांचें उदाहरण फार उपयोगी आहे.

ता. ३० जानेवारी १९०२ रोजीं या दोहोंनीं तह केला. विचारसाम्यापेक्षां रशियाचें भय हेंच त्याचें खरें कारण होतें. १९०५ सालीं तह नवा करण्यांत आला, तेव्हां हिंदुस्थानच्या सरहद्दीचें रक्षणही त्यांत गोंवलें गेलें. आपलें मत अर्थातच कोणीं विचारलें नाहीं! तथापि तह केवळ कागदावर राहिला नाहीं. १९१७ सालीं जपानी विनाशिका भूमध्यसमुद्रांत आल्या व माल्टा बेटांत तळ देऊन सैन्यवाहू जहाजांस सोबत करूं लागल्या. ता. ११ जून रोजीं 'साकाकी' नामक विनाशिकेवर शत्रूच्या पाणबुडीनें पाणतीर सोडला व ५९ जण मृत्यु पावले. त्यांचें स्मारक माल्टांतील कालकारा येथील दफनभूमींत आजही आहे.

अमेरिकेस हें सख्य पसंत नव्हतें. १९२१ च्या वॉशिंग्टन परिषदेंत तें सोडून देण्याचें ठरलें. पुढें ता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर जपानच्या हातीं पडलें, तेव्हां हजारों हिंदी शिपाईही बंदिवान झाले.

ता. ११ जानेवारी २०२३ रोजीं लंडनच्या टॉवरमध्यें तत्कालीन पंतप्रधान किशिदा व सुनक यांनीं नव्या करारावर सह्या केल्या. हा युद्धांत साह्य करण्याचा तह नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. एका देशाचें सैन्य कवायतीकरितां किंवा आपत्तींत मदतीकरितां दुसऱ्या देशीं गेलें, तर त्याच्या सामानावर जकात घ्यावी काय, गाडी हांकण्याचा परवाना कोणाचा चालावा, शिपायानें गुन्हा केल्यास न्याय कोणीं करावा, असल्या गोष्टी त्यांत ठरविल्या आहेत. विषय रुक्ष खरा. पण समविचारीपणाची कसोटी येथेंच लागते. जपानांत देहांतशासन आहे. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांनीं तें रद्द केलें आहे. आपल्या शिपायास परक्या भूमीवर फांशी व्हावी, हें त्यांस कसें रुचावें? ऑस्ट्रेलियाशीं असाच करार करण्यास २०१४ पासून २०२२ पर्यंत काळ लागला, त्याचें हें एक मोठें कारण होतें. अखेर, देहांतशिक्षेचा संभव असेल तेथें आरोपीस पकडून देण्यास साह्य करण्याचें बंधन ऑस्ट्रेलियावर नाहीं, असा मार्ग काढण्यांत आला.

ब्रिटनशीं झालेला करार १५ ऑक्टोबर २०२३ पासून अमलांत आला. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही ब्रिटिश विमानवाहू नौका जपानच्या योकोसुका बंदरांत पाहुणी म्हणून दाखल झाली.