पत्र्याच्या खोलीतलं बाळ

एप्रिल 2016 मध्ये बंगळुरूचा पारा 39.2 अंशांवर गेला. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या अनेक कूपनलिका आटल्या. बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत अशा दिवसांची झळ तान्ह्यांना फार लागते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे 1000 दिवस वाढीसाठी सर्वांत नाजूक. गरोदरपणी अति उष्मा सोसावा लागला, तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. पुढे दूषित पाण्याने वारंवार जुलाब झाले, की खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची खुंटते. सहा महिन्यांआतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. अंगावरचं दूधच अधिक वेळा पाजावं. त्यासाठी आईला सावली, पिण्याचं पाणी आणि कामातून उसंत ठेकेदाराने द्यायलाच हवी.