चार सीटची फेरारी : बारा सिलिंडर घ्यावे की आठ?

बायको-मुलं आणि सुट्टीचं सामान घेऊन फेरारीतून लांब जायचं म्हटलं की जीटीसी-फोर लुसोचं नाव येतं. २०१६ मध्ये आलेल्या या गाडीत मागे दोन मोठी माणसं बसतात. डिकी ४५० लिटरची. २०२० मध्ये उत्पादन थांबलं. त्यामुळे आता मिळते ती जुनीच, आणि पहिल्या मालकाने जे निवडलं तेच पदरात पडतं.

मूळ लुसोत ६.३ लिटरचं व्ही-१२ इंजिन, ६९० पीएस आणि चारही चाकांना ताकद. 'टी' मॉडेलमध्ये ३.९ लिटरचं टर्बो व्ही-८, ६१० पीएस, ताकद फक्त मागच्या चाकांना. कागदावर व्ही-१२ पुढे. पण त्याचा ६९७ न्यूटन-मीटर टॉर्क ५७५० आरपीएमला मिळतो, व्ही-८ चा ७६० तर ३००० पासूनच. म्हणून शहरात, शाळेच्या वाटेवर 'टी' सोपी, पेट्रोलही कमी पिते. बर्फाच्या घाटात मात्र व्ही-१२ च्या चार चाकांचाच आधार.

ऑप्शन्समध्ये आधी पुढचा भाग उचलणारी लिफ्ट आहे का ते बघावं. स्पीड ब्रेकरवर नाक घासत नाही. मग काचेचं छत. मागच्यांना मोकळं वाटतं.

परदेशातल्या पाहुण्यांकडून गाडी इकडे आणू, असं कुणाच्या मनात असेल तर थांबावं. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही. भारतात आधीच नोंदणी झालेलीच शोधावी.