आग पेटवली तर विहीर गोठते

लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन

पांढुर्णा-सौंसरच्या मंडळींनो,

शिकागोहून गाडीनं दीडेक तासावर, तळ्याकाठी हे गाव आहे. उन्हाळ्यात शहरातले पैसेवाले इथं नावा घेऊन येतात. हिवाळ्यात तळं गोठतं आणि माणसं घरात शिरतात. गॅरी गायगॅक्स इथलाच, एके काळी विमा कंपनीत नोकरी केलेला. त्यानं मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनच्या जोडीनं १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. या खेळात सोंगट्या कमी, बोलणं जास्त. एक जण जग रचतो आणि चालवतो. बाकीचे त्या जगातले योद्धे, चोर, मांत्रिक होऊन आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात.

छापील जगावर मात्र इथले लोक थांबत नाहीत. ज्याला खेळ चालवायचा असतो तो बहुधा आपलं जग आपणच रचू लागतो. वहीत नकाशे, राजे, देव येतात. आणि सगळ्यात जास्त खाडाखोड होते ती जादूच्या पानांवर. मांत्रिकाला सगळंच करता आलं तर गोष्ट पहिल्याच संध्याकाळी संपते. म्हणून जादू कुठून येते, तिची किंमत काय आणि ती कोण भरतो, हे आधी ठरवावं लागतं.

गायगॅक्सनं आपलं उत्तर जॅक व्हान्स या लेखकाकडून घेतलं, त्याच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून. मंत्र डोक्यात साठवायचा. एकदा म्हटला की तो पुसला जातो, मग पुन्हा पोथी उघडायची. शिवाय साहित्य लागतं. आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक! त्या विष्ठेतून सोरा मिळतो, आणि सोरा-गंधक म्हणजे अर्धी बंदुकीची दारू झालीच. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’त पाठांतरापेक्षा जोडणीला मान आहे: पाच क्रिया आणि दहा विषय जोडून मांत्रिक जागच्या जागी नवा मंत्र घडवतो. १९९१ च्या ‘डार्क सन’मध्ये जादू झाडाझुडपांतला जीव ओढते. घाई करणारा मांत्रिक पायाखालची जमीन राख करतो, आणि असं करत करत ते सगळं जगच वाळवंट झालं आहे.

मी ज्या घरी खेळायला जातो तिथल्या यजमानानं रचलेला नियम एका ओळीचा आहे: ऊब नवी निर्माण होत नाही, ती कुठून तरी उचलावी लागते. आग पेटवली तर जवळची विहीर गोठते. गोठणाऱ्या तळ्याकाठच्या माणसालाच हे सुचावं. आमच्या मांत्रिकानं एका गावाला लांडग्यांपासून वाचवलं आणि त्याच गावाचं पिण्याचं पाणी घालवलं. त्या रात्री लढाईपेक्षा पंचायतच जास्त वेळ चालली. घरी रचलेल्या जादूचं खरं बळ मला यातच दिसतं. किंमत शेजाऱ्याला भरावी लागली की मांत्रिकाला विचार करावा लागतो.

या देशात एके काळी या खेळाची भीतीही पसरली होती. पोरं भुताखेतांच्या नादी लागतील म्हणून १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटनाच उभी राहिली. तुमच्याही मनात ती शंका येईल, म्हणून स्पष्ट लिहितो. जामसावळीला निजलेल्या मारुतीपुढे लोक घरचं आजारी माणूस घेऊन येतात; त्यांचं दुःख खरं, श्रद्धाही खरी. त्याच्याशी या खेळाची गाठ घालू नये. इथल्या टेबलावर मंत्र खरा मानणारा कुणी नसतो. सगळ्यांनी मिळून एक नियम मानलेला असतो, एवढंच.

आपल्या पोरांनी लांडगे आणि बर्फ कशाला उसने घ्यावेत? आपल्या संत्र्याच्या बागेतच नियम तयार आहे. मृग बहरासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. पानं मलूल होतात, गळतात, आणि पाऊस पडला की झाड फुलतं. ताण जास्त झाला तर झाडच जातं. आता असा मांत्रिक कल्पून पाहा, ज्याला मंत्रासाठी आधी तहान सोसावी लागते. किती सोसायची ते त्यानंच ठरवायचं, आणि चुकला तर जीव गमवायचा.

गोष्टही घरचीच आहे. गोटमारीच्या, म्हणजे दोन गावांतल्या दगडफेकीच्या, दंतकथेतले पळून निघालेले मुलगा-मुलगी जाम नदीच्या मध्यावर अडकले आहेत. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, दोन्हीकडून दगड येताहेत. मुलीला मंत्र येतो, पण तहान सोसायची आणि ती उभी आहे पाण्यात. ती काय करेल, हे खेळणाऱ्यांना विचारा.

असा घरचा खेळ मांडायला वही, पेन्सिल आणि लुडोचे फासे पुरतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे पायाभूत नियम जानेवारी २०२३ पासून सर्वांना वापरायला मोकळे आहेत. ते मराठीत उतरवायलाही हरकत नाही. उतरवणारं कुणी सौंसरला निघालं तर मला कळवा, इथल्या मंडळींचे प्रश्न आणि उत्तरं मी पाठवत जाईन.